भुताची टोटल

माणसाला एक तरी व्यसन असावं, असं आमचे हेडकॅशियर म्हणतात. त्यांना तंबाखूचं आहे. मॅनेजरसाहेबांना सर्क्युलरं वाचायचं आहे. मला भुतांचं आहे. म्हणजे भुतांच्या सिनेमांचं. प्रत्यक्ष भुतांशी माझी ओळख नाही. मला रोज जे भेटतात ते काउंटरच्या पलीकडे पासबुक घेऊन उभे असतात आणि त्यांची पावलं सरळ असतात.

गेली पस्तीस-छत्तीस वर्षं मी पनवेलात बसून भुतांचे, राक्षसांचे, नागिणींचे, जादूच्या दिव्यांचे सिनेमे बघत आलो आहे. या विषयात माझ्याइतका अधिकारी माणूस तालुक्यात दुसरा नसावा, आणि असला तरी तो कबूल करायचा नाही. या सिनेमांचं हेच आहे. बघतात सगळे, सांगत कुणी नाही. ‘पथेर पांचाली’ न बघता ‘वा, काय सिनेमा!’ म्हणणारे मी पुष्कळ पाहिले आहेत. ‘वीराना’ दोनदा बघून ‘छे, आपण नाही असलं बघत’ म्हणणारे त्याहून जास्त.

समीक्षक मंडळी सिनेमाकडे मानसशास्त्राच्या, समाजशास्त्राच्या आणि आणखी कसल्या कसल्या शास्त्रांच्या चष्म्यातून बघतात. मी पडलो बी. कॉम., सेकंड क्लास. मला एकच शास्त्र येतं. जेवढं डेबिट तेवढं क्रेडिट, आणि संध्याकाळी टोटल लागली पाहिजे. पण इतक्या वर्षांच्या अभ्यासानंतर माझं असं मत झालं आहे की भुताच्या सिनेमाला याच्यापलीकडचं शास्त्र लागतच नाही. भूत म्हणजे काय हो? कुणाचं तरी राहून गेलेलं येणं. देणाऱ्याने बुडवलं, घेणारा मेला, आणि तरी वसुलीला येतोय. आमच्या वसुली खात्यात अशी चिकाटीची माणसं असती तर!

हे ज्ञान मला आजीकडून मिळालं. आजीचं माहेर कर्नाळ्याच्या पलीकडे, पेण बाजूला. तिच्याकडे भुतांची पूर्ण यादी होती आणि प्रत्येकाचा पत्ता पक्का. मुंज्या पिंपळावर. गिऱ्हा पाण्यात. समंध आपण पुरलेल्या धनावर. चकवा शेताच्या बांधावर. तो काही करत नाही, नुसता रात्रभर तुम्हाला एकाच शेताभोवती फिरवतो आणि कोंबडा आरवला की सोडतो. प्रत्येकाची तक्रार वेगळी. मुंज्याचं लग्न राहिलेलं, हडळीचं बाळंतपण अर्धं राहिलेलं, समंधाचं धन खायला वारस नाही. आणि प्रत्येकाचा तडजोडीचा दर ठरलेला. कुणाला नारळ, कुणाला दहीभात, कुणाला कोंबडा. आमच्या कर्जाच्या अर्जावरसुद्धा इतकी स्वच्छ माहिती नसते. आजी हे सगळं लसूण सोलता सोलता सांगायची. आवाज चढवायची नाही, डोळे मोठे करायची नाही. ‘त्या पिंपळाखालून जाऊ नको, तिथं मुंज्या आहे,’ हे ती ‘त्या गल्लीतून जाऊ नको, तिथं कुत्रं आहे’ या सुरात सांगायची. भीती वाटायची ती त्या सुराची. पुढे मोठमोठ्या दिग्दर्शकांना कोट्यवधी खर्चूनही तो सूर सापडला नाही.

चमत्काराचे सिनेमे आधी पाहिले ते गणपतीत. गल्लीच्या मधोमध पांढरा पडदा. पुढच्या बाजूला मोठी माणसं, मागच्या बाजूला आम्ही पोरं. त्यामुळे १९६१ चा ‘संपूर्ण रामायण’ मी उलटा पाहिला आहे. माझ्या आठवणीतला राम धनुष्य भलत्याच हातात धरतो. पण तिकडून बघण्याचा एक फायदा होता. मागून बघताना वाटायचं, आपल्याला खुबी कळेल. ती कधी कळली नाही. तो सिनेमा बाबूभाई मिस्त्रींचा. हे गृहस्थ १९३७ च्या ‘ख्वाब की दुनिया’त काळ्या दोऱ्याने वस्तू हवेत नाचवून अदृश्य माणूस दाखवायचे, म्हणून लोक त्यांना ‘काला धागा’च म्हणायचे. आज संगणकावर सबंध शहर बुडवतात आणि आपण पॉपकॉर्न खात बसतो. दोरा असावा आणि तो दिसू नये, एवढ्यातच खरी मजा होती.

आणि मग रामसे.

रामसे बंधू सात. वडील फाळणीनंतर मुंबईत आलेले. १९७० साली त्यांनी ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ नावाचा सिनेमा काढला आणि तो आपटला. पण त्यात पृथ्वीराज कपूर भयानक मुखवटा चढवून चोरी करायला येतात असा एक प्रसंग होता, आणि लोक तेवढ्यासाठी येत होते. मुलांनी हे थेटरात बसून पाहिलं आणि वडिलांना सांगितलं की आता नुसतं तेवढंच काढू. १९७२ ला ‘दो गज जमीन के नीचे’ आला. सगळं कुटुंब घेऊन महाबळेश्वरला गेले आणि भूत करून परत आले. हा निर्णय कॉमर्सच्या पुस्तकात छापण्यासारखा आहे. जे खातं चालतं ते ठेवा, बाकीची बंद करा.

‘पुराना मंदिर’ थेटरात आला तो १९८४ साली. मी पाहिला त्यानंतर तीन-चार वर्षांनी, आत्याच्या घरी, भाड्याच्या व्हीसीआरवर. रात्रभराचं भाडं चार घरांत वाटून घेतलेलं, तीन सिनेमांच्या कॅसेटी, आणि खोलीत आम्ही अकरा पोरं. आता त्यातला सामरी बघा. राजा हरिमानसिंग त्याचं मुंडकं उडवतो. पण पुढे काय करतो? मुंडकं पेटीत घालून हवेलीत, आणि धड लांब देवळामागे. दोन्ही एकत्र येईपर्यंत शाप चालू. अहो, ही आमच्या बँकेची पद्धत झाली! तिजोरीच्या दोन किल्ल्या, दोघांच्या ताब्यात, आणि दोघे हजर असल्याशिवाय तिजोरी उघडायची नाही. मी नोकरीला लागलो तेव्हा पहिल्याच दिवशी हा नियम समजावून सांगताना साहेबांनी विचारलं, ‘कळलं ना?’ मी ‘सामरी’ म्हणता म्हणता थांबलो.

तर ती पेटी. अंधारी खोली, साखळ्या, त्रिशूळ. नोकर पेटीपाशी आला, झाकणाला हात घातला, आणि पनवेलची लाइट गेली. संपूर्ण काळोख. अकरा पोरं श्वास रोखून बसलेली. तेवढ्यात दार करकरलं आणि दारात एक चेहरा दिसला. खालून उजेड, डोळ्यांच्या जागी खोबण्या, नाकाची सावली कपाळावर. आम्ही जे किंचाळलो ते तलावापर्यंत ऐकू गेलं असेल. ते माझे वडील होते. मला न्यायला आले होते आणि कडी दिसावी म्हणून बॅटरी हनुवटीखाली धरली होती. ते तहसील कचेरीत होते. त्यांनी शांतपणे ‘उद्या गणिताचा पेपर आहे’ एवढंच म्हटलं. वाटेत मी त्यांना सामरीची सगळी हकिगत सांगितली. सात फूट उंच, लाल डोळे, कुणालाच आवरत नाही. वडील ऐकत होते. घराच्या पायरीशी आल्यावर त्यांनी विचारलं, ‘हे भूत पगार किती घेतं?’

मोठेपणी मला कळलं की सामरीचं काम करणारे अनिरुद्ध अग्रवाल हे रुरकीचे सिव्हिल इंजिनिअर. म्हणजे भुताच्या नोकरीतसुद्धा सायन्सवाल्यांनी नंबर लावलेला. पण ते सांगायला तेव्हा वडील नव्हते.

रामसेंचा दोषही सांगितला पाहिजे, नाहीतर ही समीक्षा कसली? सामरीचा हिशोब चोख, पण मध्येच जगदीपना घेऊन ‘शोले’ची नक्कल घुसडली आहे. भूत वसुलीला निघालंय आणि हे अर्धा तास विनोद करतायत. कॅश मोजताना कुणीतरी येऊन शंभराचे सुट्टे मागावेत तसं होतं. मोजणी पहिल्यापासून!

जुन्या हिंदी सिनेमाचं दुखणं वेगळं. तिथे भूत असतं आणि शेवटी नसतं. बंगला, धुकं, पांढरी साडी, लताबाईंचा आवाज, आणि शेवटच्या रिळात पोलीस येऊन सांगतात की ही तर जुळी बहीण, आणि हा इस्टेटीसाठी नातेवाइकाने रचलेला डाव. ‘वो कौन थी’ तो असा. याला आमच्याकडे रिव्हर्स एंट्री म्हणतात. चुकून जमा केलेली रक्कम वळती करून घेतली, ग्राहकाने तीन तास ज्या पैशावर मनोरे बांधले ते गेले. मला असले सिनेमे बघून आल्यावर फसवल्यासारखं वाटतं. अपवाद एक, १९४९ चा ‘महल’. तिथेही भूत नाहीच. मधुबाला ही माळ्याची मुलगी निघते. एंट्री रिव्हर्स. पण तोपर्यंत अशोककुमारच्या बायकोने विष घेतलेलं असतं आणि तो स्वतःही संपत आलेला असतो. मुद्दल खोटं आणि व्याज खरं! कमाल अमरोहींना हिशोब कळत होता.

मराठीत आपण भुताला घाबरत नाही, त्याला चहा विचारतो. १९८२ च्या ‘एक डाव भुताचा’मध्ये अशोक सराफांचं शिवकालातलं भूत दिलीप प्रभावळकरांना येऊन चिकटतं, लेखन द. मा. मिरासदारांचं, आणि दोघांची अशी गट्टी जमते की भूत गेल्यावर चुकल्यासारखं व्हावं. महेश कोठारेंचा ‘झपाटलेला’ १९९३ चा. बाहुल्यात शिरलेल्या गुंडाची कल्पना अमेरिकेतली, १९८८ च्या ‘चाइल्ड्स प्ले’मधली, पण रामदास पाध्यांचा बाहुला आणि प्रभावळकरांचा आवाज मिळाल्यावर तात्या विंचू इतका आपला झाला की त्याचं रेशनकार्ड निघायचं बाकी राहिलं. आणि नियम बघा. त्याने आपलं गुपित ज्याला पहिल्यांदा सांगितलं त्याच्याच शरीरात त्याला शिरता येईल, दुसऱ्या कुणाच्या नाही. म्हणजे अकाउंट पेयी चेक! लक्ष्मीकांत बेर्डेच्या नावाचा, तो दुसऱ्या कुणी वटवायचा नाही. त्याच एका नियमावर तो सिनेमा तीस वर्षं टिकला आहे.

इंग्रजी सिनेमांबद्दल फार बोलत नाही. ‘एक्झॉर्सिस्ट’ मी पाहिला आहे, रात्री दिवा चालू ठेवून झोपलो आहे, विषय संपला. ‘मुंज्या’ २०२४ चा. त्यातलं कोकण छान आहे. लग्नासाठी हट्ट धरून बसलेलं पोर, म्हणजे थकबाकी बरोबर लिहिली आहे, फक्त संगणकाने त्याला इतकं नाचवलंय की आजीने लसूण सोलायचं थांबवून ‘हा आमचा नव्हे’ म्हटलं असतं.

आता ज्याच्यासाठी एवढा कागद खर्च केला त्याच्याकडे येतो.

‘तुंबाड’ ऑक्टोबर २०१८ मध्ये आला. मी जाईन जाईन म्हणेपर्यंत तो आमच्या गावातून गेला. मग १३ सप्टेंबर २०२४ ला पुन्हा लागला आणि चमत्कार म्हणजे पहिल्यापेक्षा जास्त चालला. बुडीत खात्यात टाकलेलं कर्ज सहा वर्षांनी व्याजासकट परत यावं तसं. राही अनिल बर्वे यांचा सिनेमा. नाव श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून, बीज नारायण धारपांच्या कथेचं. मी चिरंजीवांना म्हटलं, ‘चल.’

इथे थोडी घरगुती माहिती द्यावी लागेल. आम्ही वडिलांना अहोजाहो करायचो. चिरंजीव मला ‘ए बाबा’ म्हणतात आणि मी त्यांचा उल्लेख आदरार्थी करतो. कुठेतरी टोटल लागायला हवी ना! चिरंजीव बी. कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होते. बँकेच्या परीक्षेचा क्लास लावायचा असं घरात ठरलं होतं. घरात म्हणजे माझ्यात. क्लासच्या फीचा चेक मी लिहून त्यांच्या हातात दिला होता. चिरंजीवांच्या मनात ॲनिमेशनचा कोर्स. म्हणजे संगणकावर राक्षस बनवायचे. भुतांचं व्यसन रक्तात उतरलं होतं, आणि एका अंगाने बरीच पुढे गेलं होतं. मी कधीही भूत बनवतो म्हटलं नव्हतं. त्यांनी मला कोर्सची माहिती सांगितली, एका राक्षसाचं चित्र दाखवलं. चित्र चांगलं होतं. मी ते बराच वेळ बघितलं आणि विचारलं, ‘हे बनवून पगार किती मिळतो?’

बोललो आणि मानेवर काटा आला. शब्द माझे नव्हते. सूरसुद्धा माझा नव्हता. अंगात येणं म्हणतात ते हेच असणार. माझ्या तोंडून तहसील कचेरी बोलली होती.

तर आम्ही दोघे स्टँडजवळच्या मॉलमध्ये गेलो. बाहेर पनवेलचा पाऊस, आत तुंबाडचा पाऊस. सिनेमाला ‘ए’ प्रमाणपत्र, म्हणून चिरंजीवांचं आधार कार्ड बरोबर घेतलं होतं. केवायसी कुठेही लागतं.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सृष्टीची एक देवी आहे, तिच्याकडे सोनंही आहे आणि धान्यही. तिचा पहिला मुलगा हस्तर. त्याने सगळं सोनं घेतलं, धान्याला हात घातला तेव्हा इतर देवांनी त्याला ठेचला. आईने वाचवला, पण अट अशी की त्याची पूजा कुणी करायची नाही. तेव्हापासून तो आईच्या गर्भात सोन्यासकट पडून आहे आणि भुकेला आहे. विनायक राव हा १९१८ सालातला पोरगा मोठेपणी त्या विहिरीत उतरतो, पिठाचं रिंगण करून बसतो, हस्तरपुढे कणकेची बाहुली टाकतो, आणि तो ती खाण्यात गुंतला की त्याच्या लंगोटातल्या मोहरा ओढून घेतो. हाताला लागतील तेवढ्या. त्या विकायच्या, खर्चायच्या, संपल्या की पुन्हा तुंबाड.

भुताच्या सिनेमात इतकी स्वच्छ बँक मी कधी पाहिली नव्हती. एक बाहुली, एक विड्रॉवल! स्लिप भरल्याशिवाय रक्कम नाही. रिंगण म्हणजे काउंटरची काच. हस्तर तर बिचारा अगदी आमच्यासारखा. दिवसभर सोन्यात बसलेला आणि पोटात भूक. मी हेडकॅशियरना हे सांगितलं तेव्हा त्यांनी तंबाखू थुंकून पाच मिनिटं विचार केला.

इथवर मी हसत होतो. मग विनायक आपल्या मुलाला तयार करायला लागतो. पांडुरंग पायाने अधू पोरगा. बाप त्याला दोरीवर चढायला शिकवतो, किती वेळात वर यायचं ते शिकवतो, आणि एक दिवस खाली घेऊन जातो. जी विहीर आपल्याला सापडली तीच पोराला दाखवायची. त्यात क्रौर्य नाही. बापाला खरोखर वाटतं की आपण पोराची सोय लावतोय. मला एकदम आठवलं, माझ्या वडिलांनीसुद्धा बँकेचा फॉर्म स्वतः आणला होता, स्वतः भरला होता, मी फक्त सही केली होती. त्यांच्या डोळ्यांत तेव्हा इतका आनंद होता की ‘मला सिनेमावर लिहायचंय’ हे वाक्य मी गिळलं. पुढे ते पचलं नाही. हा लेख म्हणजे त्याचाच ढेकर आहे.

शेजारी चिरंजीव एकदम ताठ बसले होते. मोबाइल खिशात. मी तिकडे बघायचं टाळलं.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. पोराच्याच डोक्यातून निघतं की रोज चार मोहरा कशाला, अख्खा लंगोटच आणू, भरपूर बाहुल्या नेऊ. पण जितक्या बाहुल्या तितके हस्तर. पोराला वाचवायला बाप बाहुल्या स्वतःच्या अंगाला बांधून दोरीवर चढतो. वर येतो तो माणूस राहिलेला नसतो, पण हातात लंगोट असतो आणि तो मुलापुढे धरतो. घे. आणि पोरगा घेत नाही.

सामरी, तात्या विंचू, मधुबाला, सगळे मी बाजूला ठेवतो. भुताच्या सिनेमात माझ्या पोटात खरा गोळा आला तो त्या ठिकाणी, आणि तिथे कुणी किंचाळत नव्हतं. आजीचा सूर! चाळीसएक वर्षांनी एका हिंदी सिनेमात सापडला. घरी येऊन वाचलं तर त्यात साखळीने बांधलेली ती शापित म्हातारी आणि पांडुरंग, दोन्ही कामं मोहम्मद समद या एकाच मुलाची. दिग्दर्शकाने घराण्याच्या खात्याची पहिली आणि शेवटची एंट्री एकाच हस्ताक्षरात केली होती.

दोष? एक आहे. विनायकाचा व्याजबट्टेवाला मित्र राघव त्याच्या मागे विहिरीत उतरतो तो भाग मला घाईचा वाटला. सावकार माणूस असा तारण न बघता उतरायचा नाही. आमच्या कर्ज विभागाचंही हेच मत पडलं.

बाहेर आलो तर पाऊस चालूच. रिक्षा मिळेना. स्टँडच्या शेडखाली उभे राहिलो. पेणची गाडी लागली होती, काचा धुक्याने भरलेल्या. बऱ्याच वेळाने चिरंजीव म्हणाले, ‘बाबा, तो हस्तर फार कमी वेळ दाखवलाय, लक्षात आलं? म्हणून जास्त वाटतो.’

मी म्हटलं, ‘काला धागा.’

‘काय?’

मग रिक्षा मिळेपर्यंत मी त्यांना बाबूभाई मिस्त्री सांगितले. ते ऐकत होते. पगाराचं दोघांनीही काढलं नाही. घरी ही पोळ्या करत होती. चिरंजीवांनी कणकेचा गोळा उचलून बाहुली केली आणि माझ्या ताटाजवळ ठेवली. हिने विचारलं, ‘अहो, किती टाकू?’ मी नेहमीप्रमाणे चार म्हणणार होतो. दोन म्हटलं.

जानेवारीत एका रविवारी रद्दीवाल्याकडून घेतलेलं धारपांचं पुस्तक पुन्हा वाचायला काढलं. ते चिरंजीवांनी मध्ये वाचायला नेलं होतं. अर्ध्यावर खूण म्हणून काहीतरी घातलेलं होतं. उघडून पाहिलं तर माझाच चेक, क्लासच्या फीचा. तारीख सप्टेंबरची. तीन महिने उलटून गेलेला चेक काउंटरवर आला तर काय शेरा मारून परत करायचा, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. आत खोलीत संगणकाचा उजेड होता आणि कीबोर्डचा आवाज येत होता. मी चेक होता त्याच पानात ठेवला आणि पुस्तक मिटलं.